भरलेला हॉल

प्रिय जिराफबाई,

पाकिटावर माझं अक्षर बघून हसली असशील. रोज कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसून चहा ढोसणाऱ्या बाईने पत्र लिहावं म्हणजे हिचं डोकं फिरलं, असंच म्हणशील. म्हण बापडी. पण समोर बसलं की काय होतं ते तुलाही ठाऊक आहे. तू आधी पाठीत धपाटा घालतेस, मग एक फालतू विनोद करतेस, मी त्याहून फालतू करते आणि जे बोलायचं ते चहाच्या कपात बुडून जातं. काल फोनवर लिहायला घेतलं होतं. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. तिथे खोडलं की काही मागे उरतच नाही, त्यामुळे माणूस फार लवकर सुटतो. म्हणून कागद घेतला. खाडाखोड दिसेल, ती दिसू दे.

काल तू म्हणालीस की त्या मुलींच्या कॉलेजची कोचची नोकरी नाकारायचं नक्की केलंस. सोमवारी त्यांना तसं कळवणार. मी ऐकत होते आणि तू एकेक सांगत होतीस, जणू मला माहीतच नव्हतं! कायमची जागा, हाताखाली एक मदतनीस, मुलींसाठी वेगळा हॉल, शनिवारी संध्याकाळी मुलींचेच सामने आणि ते बघायला आपणहून येणारं गाव. आणि इथे? इथे दर वर्षी नव्या करारावर सही, सरावाला मुलांचा संघ उठून गेला की उरलेली वेळ, आणि चेंडूत हवा भरायची तर पंपही त्यांच्याकडूनच मागून आणायचा. तरी तू इथेच राहणार. का, तर परवा हॉल भरला होता. अकरा वर्षं वाट पाहिली, आता कुठे लोक यायला लागलेत, आणि अशा वेळी मुलींना टाकून कशी जाऊ, असं म्हणालीस. तुझा आवाज इतका आनंदात होता की मी नुसतं वा वा म्हटलं. फोन ठेवला. नवऱ्याने सहज विचारलं कुणाचा होता, तर त्या गरीब माणसावरच डाफरले. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं झालं होतं माझं.

आपण बास्केटबॉल खेळायचो ते दिवस आठवतात का गं? तू संघाचा खांब आणि मी लिंबूटिंबू. तू नुसता हात वर केलास तरी चेंडू सापडायचा, आणि मी तुझ्या काखेखालून पळत असायचे. अर्धा वेळ तर मी बाकावरच, हात वर, हात वर म्हणून तुझ्या नावाने बोंबलायला. आपले प्रेक्षक म्हणजे तुझे बाबा. ते बिचारे पेपर घेऊन यायचे आणि आपण हरायला लागलो की पेपर उघडायचे. बाकीच्या खुर्च्यांवर दप्तरं. आपल्यानंतर मुलांचा सामना असायचा ना, त्यासाठी पोरं आधीच येऊन जागा धरून जायची. ओळीच्या ओळी दप्तरांच्या. तू एकदा बास्केट टाकून त्या दप्तरांकडे बघून वाकून नमस्कार केला होतास आणि पंचाने तुला ताकीद दिली होती. आपण हसून हसून लोळलो होतो. नंतर कपडे बदलायच्या खोलीत तू भिंतीकडे तोंड करून बुटाची नाडी फार वेळ सोडत बसलीस. मी पाहिलं होतं. आज सांगते, मला तुझ्यापेक्षा जास्त रडू येत होतं.

म्हणून तर मला या प्रसिद्धीच्या टेबलावर नोकरी लागली तेव्हा तू मला सगळ्या स्टाफसमोर उचलून गरगर फिरवलंस. आता आपलं माणूस आत बसलंय, म्हणालीस. आपलं माणूस! सहा वर्षं झाली. या माणसाने काय दिवे लावले ते तू बघतेसच, आणि बघूनही मला कधी एका शब्दाने बोलली नाहीस, ते जास्त लागतं. मुलांच्या प्रत्येक सामन्याला नवा फलक होतो. फाटकावर एक, बसस्टॉपवर एक, लायब्ररीच्या जिन्यात एक. सगळ्या विद्यार्थ्यांच्या फोनवर दोनदा संदेश जातो. ढोलवाले, फुकट टोप्या, मध्यंतरात सोडत. तुझ्या मुलींचा फलक एकच. तो माझ्या कपाटामागे उभा असतो. तारखेच्या जागी कागद चिकटवायचा आणि कॅन्टीनच्या बेसिनशेजारी टेकवायचा. कागदावर कागद चढून तिथे आता चांगला पुठ्ठा झालाय. वर फोटोतल्या निम्म्या मुली कॉलेज सोडून कधीच गेल्या. एक तर परवा कडेवर मूल घेऊन दाखला न्यायला आली होती आणि स्वतःला बेसिनशेजारी बघून खो खो हसली. मीही हसले. काय करणार!

मागच्या हंगामात त्या कागदावर मी वेळच चुकीची लिहिली होती. तीनच्या जागी पाच. पंधरा दिवस तो तसाच होता. सामना होऊन गेला, फलक परत कपाटामागे आला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. कुणाचीही तक्रार आली नव्हती. मुलांच्या फलकावर एकदा पाहुण्या कॉलेजच्या नावात काना राहिला तर सकाळी नऊच्या आत चार फोन आले होते. मी तुला ती चूक सांगितली नाही. कागद सोलून काढला, चोळामोळा केला आणि टोपलीत टाकला.

बैठकीत तू दर वर्षी शनिवार मागतेस. बुधवारी दुपारी तीनला अर्ध्या कॉलेजची प्रात्यक्षिकं असतात, बघायला कोण भुतं येणार, असं तू ज्या सुरात विचारतेस ना, त्यावर सगळे हसतात आणि विषय तिथेच संपतो. प्राचार्यबाईंचं ठरलेलं उत्तर, मागणी तसा पुरवठा. लोक येत नाहीत म्हणून फलक नाही, आणि फलक नाही म्हणून लोक येत नाहीत, हे मला कळत नाही असं नाही. शाळेतल्या पोरालाही कळेल. पण त्या बैठकीत मी काय करते? फायलीत तोंड घालून बसते. बाहेर आल्यावर तुला कोपराने ढोसून म्हणते, पुढच्या वर्षी बघू गं. तुझ्यासमोर तुझी आणि त्यांच्यासमोर त्यांची. पहिल्या वर्षी एकदा तोंड उघडलं होतं. तेव्हा बाईंनी शांतपणे विचारलं की मुलांच्या सामन्याला गर्दी कमी झाली तर जबाबदारी तुमची का. माझी पाचावर धारण बसली. त्यानंतर तोंड उघडलं नाही. मुलांची गर्दी मी वाढवली म्हणून बाई माझं कौतुक करतात, आणि जिराफ, मला ते कौतुक आवडतं. हे लिहिताना लाज वाटते, पण आवडतं.

आता परवाचं. कॉलेजची पाहणी करायला समिती येणार हे तुला माहीत होतं. त्यांच्यातल्या एक बाई मुलींच्या खेळांबद्दल फार खोदून विचारतात, असं आधीच्या कॉलेजांकडून कळलं होतं. प्राचार्यबाईंनी मला बोलावलं आणि एवढंच म्हणाल्या की बुधवारी समिती मुलींच्या सामन्याला डोकावेल, हॉल भरलेला दिसला पाहिजे. कसा, ते त्यांनी विचारलं नाही, सांगितलंही नाही. ती अक्कल माझी. मला काय करता आलं असतं? फलक करता आले असते. संदेश पाठवता आले असते. ढोलवाले बुधवारी रिकामेच असतात. हाताशी आठवडा होता, आणि या कामात मी वाईट नाही, हे तूही मान्य करशील. पण मनात आलं, एवढं करूनही कोणी आलंच नाही तर? मग बाईंपुढे माझंच हसं. म्हणून मी खात्रीचा रस्ता धरला. पहिल्या वर्षाला बुधवारी दुपारी सुट्टी असते, तर त्यांच्या सगळ्या तुकड्यांची त्या दिवशीची हजेरी हॉलमध्ये घ्यायची ठरवली. त्या हजेरीला गुण आहेत. आल्यावर सही नाही, जाताना सही, म्हणजे मधून कोणी सटकायला नको. दाराशी दोन अध्यापक बसवले. विषयाच्या नावाने काहीतरी लिहायचं होतं, तर मी लिहिलं, क्रीडासंस्कृतीचा परिचय. बघ, किती शहाणी मी!

हो, जिराफ. तो हॉल असा भरला होता. आपणहून आलेलं त्यात कोणी असेल तर मला माहीत नाही. दारात उभी राहून मी पोरांना आत घेत होते. तोंडं कशी होती सांगू? दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या माणसांची असतात तशी. तेवढ्यात तुझ्या मुली पळत मैदानावर आल्या आणि गर्दी बघून जागच्या जागी थबकल्या. तुझ्या त्या कॅप्टनने, त्या बुटक्या वादळाने, मागे वळून तुझ्याकडे पाहिलं, आणि तू दोन्ही हात तोंडावर धरलेस. मला तुझे फक्त डोळे दिसत होते. मी त्या वेळी तुझ्याकडे बघून अंगठा वर केला. केला खरा! त्या अंगठ्याची मला आता जेवतानाही आठवण येते.

पुढचं तूच मला त्या संध्याकाळी सांगितलंस. दोन गुणांनी हरलात, पण मुली अशा कधी खेळल्या नव्हत्या. जी पोरगी समोर कोणी आलं की चेंडू देऊन मोकळी होते, ती चक्क तिघींना चुकवून आत घुसली. शेवटच्या पाच मिनिटांत सगळा हॉल पाय आपटत होता, आणि सामना संपल्यावर मुली हरल्या आहेत हे विसरून एकमेकींच्या गळ्यात पडल्या. तू कपडे बदलायच्या खोलीत त्यांना म्हणालीस की लोक तुमच्यासाठी आले होते, हे लक्षात ठेवा. मी म्हटलं, अगं, मग काय तर!

दुसऱ्या दिवशी तुझी कॅप्टन माझ्या टेबलापाशी आली. पहिल्या वर्षाच्या पोरींनी कॅन्टीनमध्ये त्यांना ऐकवलं होतं, तुमच्या मॅचपायी आमची सुट्टीची दुपार गेली, सही केल्याशिवाय सोडलंच नाही. म्हणजे मुलींना सगळं कळलंय. मला वाटलं ही आता भांडणार. भांडली असती तर बरं झालं असतं. उभीच राहिली, माझ्या टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे केला आणि म्हणाली, मॅडम, कोचना सांगू नका हं, त्या फार खूश आहेत. मी म्हटलं नाही सांगणार. ती जायला वळली, पुन्हा थांबली आणि विचारलं की पुढच्या सामन्यालाही तसंच करणार का. मी समोरची फाईल उघडली. तर तीच म्हणाली, करू नका, रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळायची आम्हाला सवय आहे. रागाने नाही गं. एखादी पोर घरातल्या मोठ्या माणसाला अवघडू देत नाही ना, तशी समजूत काढत बोलली. एकोणीस वर्षांची पोर माझी समजूत काढून गेली. ती गेल्यावर मी दार लावून घेतलं.

तर असं आहे. मुलींना ठाऊक, अध्यापकांना ठाऊक, पहिल्या वर्षाला ठाऊक, शिपायाला ठाऊक. एक तुलाच नाही. आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून आम्ही सगळे गप्प. मुली गप्प आहेत कारण तू राहावीस असं त्यांना वाटतं. मला दोष दे, त्यांना देऊ नकोस. आणि मी गप्प होते त्यात नुसती भीती नव्हती, स्वार्थही होता. तू गेलीस तर कॅन्टीनमध्ये मी कुणासमोर बसू? या कॉलेजात मला लिंबूटिंबू म्हणणारं दुसरं कोणी नाही. काल तू जात नाहीयेस म्हणालीस तेव्हा पहिल्यांदा, सगळ्यात आधी, मला हायसं वाटलं. लाज नंतर आली. नंतर आली याचीच जास्त लाज वाटते.

समिती खूश होऊन गेली. अहवालात दोन ओळी चांगल्या येणार म्हणे. प्राचार्यबाईंनी मला बोलावून शाबासकी दिली आणि म्हणाल्या, बघा, मनात आणलं तर होतं. मी बाहेर येऊन जिन्यात बसले. मनात आणलं तर होतं, हे त्या बाईंनी सहा वर्षांनी मला सांगावं आणि मी मान डोलवावी!

आता एक शेवटचं राहिलं. ते लिहावं की नाही म्हणून सकाळपासून दोन कागद फाडले. काल फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस की शेवटच्या मिनिटात मागच्या रांगेतून कोणीतरी सारखं ओरडत होतं, हात वर, हात वर, आणि तू मागे न बघताच ओळखलंस की ही मीच. मी नुसती हसले. ती मी नव्हते, जिराफ. मी हॉलमध्येच नव्हते. पहिली शिट्टी वाजली आणि मी निघाले, कारण शनिवारच्या सामन्यासाठी मुलांच्या कॅप्टनचं चित्रण करायचं होतं आणि मागच्या मैदानावर ऊन जायच्या आत ते संपवायचं होतं. समिती पंधरा मिनिटांत उठली. ती उठली की पोरांना सोडून द्यायचं ठरलं होतं, आणि सोडा म्हणून सांगायचं काम माझं होतं. मी विसरले. ती पोरं शेवटपर्यंत बसली ती एवढ्यामुळे, की त्यांना जा म्हणून सांगायला कोणी आलं नाही. सहा वर्षांत मी तुझा एकही सामना पूर्ण बघितलेला नाही. दारातून डोकावते, तुला दिसेल अशी उभी राहते आणि जाते. त्या दिवशी शेवटी पोरांनी पाय आपटले ते मनापासून की बसून बसून कंटाळून, हेसुद्धा मला तुला सांगता येत नाही. कोण ओरडत होतं तेही माहीत नाही. ते कळायला तिथे असावं लागतं. सोमवारी तू त्यांना नाही म्हणायच्या आत हे तुला कळायला हवं, म्हणून हे पत्र. तुला राहायचंच असेल तर मुलींसाठी राहा, पण त्या हॉलसाठी राहू नकोस आणि आपलं माणूस आत बसलंय म्हणून तर मुळीच राहू नकोस. आत कोणी बसलेलं नाही. जा गं. खरंच जा.

तुझीच, आणि तरीही तुझीच,
लिंबूटिंबू